सामाईक भिंतीवरचा पिवळा रंग

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्यासोबत एक गल्ली डोळ्यांसमोर आणा. राहुरीच्या जुन्या गावठाणातली गल्ली. इतकी अरुंद, की समोरून बैल आला तर आपण कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. घरं एकमेकांना खेटून उभी, मधे बोटभर फट नाही. त्यातल्या एका घराच्या पुढच्या खोलीत गादी-रजईचं दुकान आहे. कापूस पिंजायचं यंत्र घरघरायला लागलं, की कापसाचा पांढरा भुगा उडतो आणि मागच्या खोलीपर्यंत जातो. चहात पडतो, वहीत बसतो, पापणीवर अडकतो. दिसलं घर? आता त्या मागच्या खोलीत दप्तर मांडीवर घेऊन बसलेली दहा वर्षांची मुलगी बघा. तिचं नाव अलिझा. आणि ती आत्ता फार रागात आहे.

राग कशाचा, ते सांगतो.

अलिझाचे अब्बा, कमरुद्दीन, यांनी ठरवलं होतं की घरावर एक मजला चढवायचा. खाली कापूस, वर माणसं. पण घर आपलं असलं तरी मजला असा मनाला येईल तसा चढवता येत नाही. आधी नगरपरिषदेकडे अर्ज करायचा. खालच्या भिंती ओझं पेलतील का, पावसाचं पाणी कुठं जाईल, शेजाऱ्याचा उजेड अडेल का, हे सगळं कागदावर दाखवायचं. त्यासाठी नकाशा लागतो.

आणि हा नकाशा काढला होता रुमानाने. म्हणजे अलिझाच्या मोठ्या बहिणीने, आपाने. आपा नगरला राहून सिव्हिलचा डिप्लोमा करत होती. सुट्टीत आली, टेप घेऊन घराचा कोपरा न् कोपरा मोजला आणि चार दिवसांत नकाशा तयार केला. तिच्या ओळखीचे कानिफनाथ सर नगरपरिषदेचे परवानाधारक अभियंता होते. तपासून सही तेच करणार होते. त्यांचा एक नियम होता. रंग संगणकाने भरायचे नाहीत. काळी प्रिंट काढायची आणि रंग पेन्सिलीने हाताने भरायचे. "हाताने भरताना एकेक भिंत नजरेखालून जाते, रुमाना. चूक असली तर तिथंच सापडते," असं ते म्हणायचे.

आता अलिझाचं बघा. या घरात चित्रं काढायची ती अलिझाने. हे काही कुणी लिहून दिलं नव्हतं, पण तसं होतं. शाळेत तिला चित्रकलेत बक्षीस मिळालं होतं. मुळा धरणाचे दरवाजे उघडलेत आणि फेसाळ पाणी उड्या मारतंय, असं तिचं चित्र दुकानातल्या कपाटाच्या दारावर चिकटवलेलं होतं. गादी भरायला आलेल्या गिऱ्हाइकाला अब्बा सांगायचे, "आमच्या छोटीनं काढलंय."

बुधवारी सकाळी अब्बांनी ते चित्र कपाटावरून काढलं. नीट काढलं, फाडलं नाही. गुंडाळी करून ट्रंकेवर ठेवलं. आणि त्या जागी आपाचा नकाशा लावला.

"चार लोक बघतील," ते म्हणाले.

चार नाही, सकाळपासून अकरा लोकांनी पाहिला. अलिझा मोजत होती. देवळाली प्रवऱ्याहून उशा न्यायला आलेल्या एका आजोबांनी तर चष्मा पुसून पाहिला.

"हे तुझ्या पोरीनं काढलं? कमरुभाई, नशीब काढलंस बाबा!"

"हो ना. आता तिचंच नाव लागणार घराला," अब्बा हसून म्हणाले.

"आणि ही धाकटी? ही काय करते?"

"ही होय? ही आमची खोड्या काढते."

सगळे हसले. आपाही हसली. अलिझा पण हसली, कारण सगळे हसताना आपण एकटंच न हसणं बरं दिसत नाही. मग दप्तर उचलून ती मागच्या खोलीत जाऊन बसली.

दुपारी आपाने नकाशा खाली घेतला, जमिनीवर पसरला आणि म्हणाली, "छोटी, तुझ्या रंगपेन्सिली दे ना. माझ्या नगरलाच राहिल्या."

बारा पेन्सिलींची ती पेटी बक्षिसातली. अलिझाने दिली. नाही कशी म्हणणार?

आपा रंग भरत बोलत होती. तिला समजावून सांगायची सवयच होती. "हे बघ, जे बांधकाम आधीपासून आहे ते निळं. जे नवीन बांधायचंय ते लाल. म्हणून वरची आख्खी खोली लाल."

"आणि पिवळा?"

"पिवळ्याला हातच लावायचा नाही. पिवळा म्हणजे पाडायचं. जे बांधकाम पाडून टाकायचं असेल, त्यावर पिवळ्या रेघा मारतात. आपल्याला काहीच पाडायचं नाहीये."

अम्मी स्वयंपाकघरातून डोकावली. "अल्ला, किती सुबक भरतेय गं! एक रेघ बाहेर नाही."

अलिझाने पाहिलं. खरंच एक रेघ बाहेर नव्हती. तेच तर वाईट होतं. आपाची रेघ थोडी वाकडी गेली असती, तर अलिझाला ती आवडली असती.

रंग भरून झाले. आपा संमतीपत्रासाठी स्टॅम्पपेपर आणायला गेली. कारण, मुलांनो, एक गोष्ट अजून बाकी होती. कमरुद्दीनचं घर आणि शेजारच्या गहिनीनाथकाकांचं घर, यांच्यामधे भिंत एकच होती. दोघांची मिळून, सामाईक. त्या भिंतीला धरून वर काही बांधायचं, तर काकांची लेखी संमती हवी. ती नसेल तर अर्ज पुढे सरकणार नाही. शुक्रवारी अर्ज द्यायचा, शनिवारी आपाला नगरला परतायचं. काका संध्याकाळी येऊन सही करणार होते.

अब्बा टेम्पोतून गाद्या पोचवायला गेले. अम्मी भाजीला गेली. नकाशा जमिनीवर, पेटी शेजारी उघडी. लाल पेन्सिल झिजलेली, निळी झिजलेली. पिवळी तशीच नवीकोरी.

अलिझाने ती उचलली. आपण काय करतोय हे तिला माहीत नव्हतं, असं मी सांगणार नाही. तिला माहीत होतं. एवढ्या मोठ्या कागदावर आपल्या हाताचं काहीतरी असावं, आणि आपाचं काहीतरी बिघडावं, अशा दोन्ही इच्छा एकदमच तिच्या बोटांत आल्या. डाव्या हाताची जी लांब निळी भिंत होती, तिच्यावर तिने आठ पिवळ्या रेघा मारल्या. बारीक, तिरप्या, सुबक. एकही बाहेर गेली नाही.

मग पेन्सिल जागेवर ठेवली आणि ओट्यावर जाऊन बसली.

संध्याकाळी गहिनीनाथकाका आले. काका आता सत्तरीचे, पण चाळीस वर्षं गवंडीकाम केलेले. निम्म्या गल्लीची घरं त्यांच्या हाताखालून गेलेली. अम्मीने चहा ठेवला. स्टॅम्पपेपर पुढे केला, पेन दिला. काका म्हणाले, "थांबा की. आदी नकाशा तर बगू द्या पोरीचा. सही काय पळून जात्या का?"

आपाने अभिमानाने नकाशा त्यांच्या मांडीवर ठेवला. काकांनी बोट फिरवत फिरवत बघितला. जिना बघितला, मोरी बघितली, मान हलवली. मग बोट डाव्या भिंतीवर आलं आणि थांबलं.

"कमरुभाई," काका सावकाश म्हणाले, "माजी भीत पाडनार हाय का तुमी?"

"छे छे! कोण म्हणतं?"

"ह्यो कागुद म्हनतोय. पिवळ्या रेगा हायत्या हितं. मला अक्षर वाचाया येत न्हाई, पन नकाशा येतो."

अब्बांनी नकाशा घेतला. आपाने घेतला. तिचा चेहरा कापसासारखा झाला. "काका, चुकून... मी असं कसं..."

"चुकून? आट रेगा चुकून?" काका उठले. चहा तसाच राहिला. "उद्या हापिसात ह्यो कागुद पास झाला की माज्या भितीवर घन घालाल, आन वर म्हनाल काकांची सही हाय. लहानपनापास्नं तुमाला वळखतो म्हून इस्वासानं आलो हुतो, कमरुभाई. न्हाई जमायचं."

अब्बा मागे धावले. "भाऊ, ऐका तर," असं बराच वेळ गल्लीतून ऐकू येत राहिलं. मग काकांचं दार लागलं.

आता गंमत बघा. अलिझाला जे हवं होतं, ते झालं होतं. आपाची चूक सगळ्यांसमोर निघाली होती. अब्बा आत आले ते नकाशाकडे न बघता म्हणाले, "एवढं शिकवलं ते याचसाठी का?" आणि अलिझाच्या पोटात क्षणभर गार, गोड वाटलं. बर्फाचा गोळा खाल्ल्यासारखं. अगदी क्षणभर.

कारण आपा भांडली नाही. ती नकाशाशेजारी बसली आणि पहिल्या भिंतीपासून पुन्हा तपासायला लागली. टेप घेऊन उठायची, मोजायची, परत बसायची. मधेच म्हणाली, "छोटी, तुझी नजर चांगली आहे. अजून कुठं चुकलेय का बघ ना. मला आता माझाच भरवसा वाटत नाही."

अलिझाने बघितलं. कुठंच चूक नव्हती. तिने नकाशा परत आपाकडे सरकवला.

त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. अम्मी म्हणाली, "हिला काय झालं?" अब्बा म्हणाले, "सगळ्या घराचंच तोंड उतरलंय, तिचं कसं राहील?" आणि ते तर तिला आणखी लागलं. तिच्या उतरलेल्या तोंडाचंही कौतुकच झालं.

गुरुवारी सकाळी गहिनीनाथकाका ओट्यावर बसून दात घासत होते. शेजारी त्यांच्या पत्नी मनकर्णाकाकू मेथी निवडत होत्या. अलिझा जाऊन पायरीवर उभी राहिली.

"काका, पिवळा रंग आपाने नाही भरला. मी भरला."

काकांनी चूळ भरली. "बापानं शिकवून धाडलं का?"

"नाही. घरात कुणाला माहीत नाही."

"पिवळा म्हंजी काय, ठावं हुतं?"

"हो. पाडायचं."

"आन तरी भरलास? माज्या भितीनं तुजं काय घोडं मारलं?"

"तुमच्या भिंतीसाठी नाही भरला," अलिझा म्हणाली. मग पुढचं वाक्य फार जड होतं. "सगळे आपाचंच कौतुक करतात. माझं चित्र काढून तिचा नकाशा लावला."

काकूंनी मेथीची काडी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "आवं, आपल्या धाकट्यानं, करणनं न्हाई का, भावाला नवी सायकल आनली तवा चाकातली हवा सोडली हुती?"

"तू गप," काका म्हणाले, पण मिशीत हसले. मग अलिझाकडे वळले. "बापाला म्हनावं, नवी कोरी प्रिंट आन. आन रंग हितं भरायचे, माज्या वट्यावर, माज्या डोळ्याम्होरं. थोरलीनं न्हाई. तू भरायचे. एकेक भीत मला दावून. समदं बराबर झालं तर सही. न्हाईतर न्हाई."

अलिझा घरी गेली आणि सगळं सांगितलं. काय काय बोलणी बसली, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या घरीही बसतात. आपाने मात्र हातातला टेप खाली ठेवला. ती आत निघून गेली. अब्बांनी स्टँडजवळच्या दुकानातून नवी प्रिंट आणली.

दहा वाजता काकांच्या ओट्यावर नकाशा पसरला. चारी कोपऱ्यांवर विटेचे तुकडे ठेवले. बघायला शेजारचा सहादेव आला, दूधवाला थांबला, काकू आल्या, अब्बा-अम्मी उभे राहिले. सगळ्यांचे डोळे एकट्या अलिझाच्या हाताकडे. मुलांनो, हेच तर तिला हवं होतं. एवढे दिवस हेच हवं होतं.

"हां, सुरू कर," काका म्हणाले. "आदी आपली सामाईक भीत. कुटनं सुरू हुत्या, कुटं संपत्या?"

अलिझाने निळी पेन्सिल उचलली. रेघ कुठं सुरू होते ते तिला आठवत होतं. कुठं संपते, तेही बहुतेक आठवत होतं. बघणाऱ्यांना फरक कळलाही नसता. तिने पेन्सिल कागदावर टेकवली.

मग उचलली. ओट्यावरून उतरली, आपल्या दारात गेली आणि आतल्या अंधाऱ्या खोलीकडे तोंड करून, गल्लीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "आपा, बाहेर ये ना. मला एकटीला येत नाहीये. तू सांग, मी भरते."

आणि आपा बाहेर येईपर्यंत ती दारातच उभी राहिली.