पाठीला पाठ लागलेल्या शेगड्या

आटपाट गाव होतं, इंग्लंडातल्या टेकड्यांच्या कुशीत. गावात कोमट पाण्याचा झरा होता, पाण्याला गंजक्या खिळ्याची चव होती. झऱ्याजवळ भिंतीला भिंत लागून अकरा घरांची ओळ होती. आठव्या घरात थोरली बहीण डॉर्कस राहायची, सातव्यात धाकटी हेस्टर. ते सातवं घर म्हणजे मी. दोनशे वर्षं बायकांच्या बोलण्यात वाढले, म्हणून बोलतेही बाईसारखी.

मला मधाच्या रंगाच्या दगडात बांधलं. तेव्हा दूरदूरचे दुखणाईत आमच्या गावी पाणी प्यायला यायचे. नाक दाबून पेला रिचवायचे आणि सांधे धरून, कण्हत माझा जिना चढायचे. पहाटे झऱ्याची वाफ रस्त्यावर पसरली की आम्ही अकराजणी पाण्यावर तरंगतोय असं वाटायचं. अजून डोळा लागला की मी तशीच तरंगते.

पाहुणे फार, म्हणून डॉर्कस-हेस्टरच्या बापाने सात आणि आठ ही दोन्ही घरं घेतली, मधल्या भिंतीत दार पाडलं आणि माझ्या खिडकीत पाटी लावली, 'खोल्या मिळतील'.

मग गोळ्या-इंजेक्शनांचे दिवस आले. पाण्याला कोण विचारतंय? बाप गेला, झऱ्यावरच्या पाणीघराला कुलूप लागलं. एका वसंतात हेस्टरने पाटी काढली.

"ताई, आता कोणी येत नाही."

"येतील. हंगाम उशिरा आहे."

"दहा वर्षं?"

डॉर्कसने पाटी हिसकावून आपल्या खिडकीत लावली. दुसऱ्या दिवशी एनॉक गवंड्याकडून मधलं दार विटांनी बुजवून घेतलं. माझा एक कान गेल्यासारखं झालं.

बहिणींचं बोलणं तुटलं. पण दोन्हीकडच्या भिंतीतल्या शेगड्या पाठीला पाठ लावून, मध्ये एका विटेचा पडदा. सकाळी राख झाडताना हेस्टर लोखंडी सळई मागच्या विटेवर तीनदा आपटायची. पलीकडून तीन ठोके यायचे. कोणी विचारलं असतं तर दोघी म्हणाल्या असत्या, "राख झाडतेय." अशी चोवीस वर्षं गेली.

पुढे ओळीत विजेच्या शेगडीचं खूळ शिरलं. घरोघरी जुन्या शेगड्या दगडमातीने भरून वर फळ्या ठोकल्या गेल्या. हेस्टरला धुराने खोकला यायचा, तिनेही बुजवून घेतली. सळई भंगारात दिली. आपण काय करून बसलो ते दुसऱ्या सकाळी तिच्या ध्यानात आलं. ती भिंतीवर जोडा आपटत राहिली, पण बाकी भिंत हातभर जाड. पलीकडे डॉर्कस ठोकायची, थांबायची, कान लावायची. मला दोघींचं ऐकू येत होतं आणि एकीचं दुसरीला सांगता येत नव्हतं. घराला याहून मोठी शिक्षा नाही. तुम्ही अशा ओळीत राहत असाल तर बाबांनो, काही बुजवायच्या आधी पलीकडे विचारा.

चौथ्या दिवशी माझी पुढची कडी वाजली. आमच्याकडे शेजारीपाजारी मागच्या दाराने येतात. पुढचं दार नवरीला, डॉक्टरला आणि शवपेटीला. हेस्टरने भीत भीत उघडलं. समोर डॉर्कस, डोक्यावर चर्चची टोपी, हातांत काळे हातमोजे.

"जिवंत आहेस?"

"नसते तर दार कोणी उघडलं असतं? आणि हे काय, माझ्या मातीला निघालीस?"

"तीन दिवस राख झाडली नाहीस."

"शेगडी बुजवली, ताई. वीज घेतली."

"मला न विचारता?"

"तुझ्याशी बोलत कुठे होते मी?"

"रोज सकाळी बोलत होतीस की," डॉर्कस म्हणाली आणि पायरीवरच बसली. हेस्टर तिच्या शेजारी टेकली. ऊन उतरेपर्यंत दोघी तशाच होत्या. मीही दगड जरा ऊबदार ठेवला.

त्याच आठवड्यात एनॉक आला, आता पार वाकलेला. पहिल्याच घावाला मधल्या दारातल्या विटा सुटल्या.

"सिमेंट घातलंच नव्हतं," तो म्हणाला. "चुनाही बेताचाच. म्हटलं, बहिणी आहेत, बोलावणं येईलच."

"चोवीस वर्षांनी?" हेस्टर म्हणाली.

"हंगाम उशिरा होता," डॉर्कस म्हणाली.

धूळ खाली बसल्यावर ती आपल्या घरात गेली आणि खिडकीतली पाटी काढून आली. आता आमच्याकडे खोली रिकामी नव्हती.