आतलं वळण

“वळण आतून घ्यायचं की बाहेरून, एवढंच मला सांगा, काक कम,” रेल्वेचा इंजिनिअर क्वेक म्हणाला आणि त्यानं नकाशा गाडीच्या बॉनेटवर पसरला. वारा खाडीवरून येत होता. नकाशाच्या तीन कोपऱ्यांवर त्यानं बाटली, हेल्मेट आणि मोबाइल ठेवला आणि चौथ्यावर स्वतःचं कोपर टेकलं.

कमसियानं, त्याच्या ‘काक’नं म्हणजे ताईनं, वाकून पाहिलं. सिंगापूरहून निघालेली नवी रेल्वे खाडी ओलांडून जोहोरच्या किनाऱ्याला लागत होती आणि तिथं, तेलोक वस्तीपाशी, तिला स्थानकाकडे वळायचं होतं. पेन्सिलीच्या दोन रेघा होत्या. बाहेरची खारफुटीवरून येऊन मच्छीमारांच्या धक्क्यावर चढत होती. आतली वस्तीच्या कडेनं जात होती आणि जाता जाता एकच घर गिळत होती. ते घर कुणाचं हे तिला विचारावं लागलं नाही. निळ्या खिडक्यांचं, खांबांवर उभं असलेलं ते लाकडी घर ती जन्मापासून बघत आली होती आणि लग्नानंतर त्याच्या वाईटावर टपून बसली होती.

“मला आतलं सोपं पडतं,” क्वेक म्हणाला. “पण गावप्रमुखाचं घर आहे म्हणे. सुनावणीत एकानं जरी उठून हरकत घेतली, तरी मी मुकाट्यानं बाहेरून वळवतो. दोन देशांच्या सह्या व्हायच्यात, त्यात गावाचं भांडण नको, असं वरून बजावलंय. कुणी नाही उठलं, तर आतून.”

“मालक उठला तर?”

“तर प्रश्नच मिटला. उठेलच ना तो?”

“बघू,” कमसिया म्हणाली.

गावप्रमुख तुकिमान स्वतःसाठी उठणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तेलोकमध्ये मानाचा माणूस स्वतःच्या घरासाठी तोंड उघडत नाही. त्यानं म्हणायचं, सगळ्यांचं भलं होईल ते करा. मग बाकीच्यांनी उठून म्हणायचं, छे, असं कसं, वाकचं, आपल्या थोरल्या काकांचं, घर जाता कामा नये. हे पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलेलं. क्वेक पलीकडचा, तोही शहरातला. त्याला असल्या गोष्टी समजावून सांगायच्या म्हणूनच तर रेल्वेच्या कचेरीनं कमसियाला नेमलं होतं. तिनं त्याला सांगितलं नाही.

डूख धरावा कसा हे सापानं कमसियाकडून शिकावं.

तिची माक, म्हणजे आई पोनिरा, भर तारुण्यात विधवा झाली आणि सिंगापुरातल्या एका हॉटेलात भांडी घासायला जाऊ लागली. पहाटेची बस, पुलावरची रांग, पासपोर्टवर शिक्का, पुन्हा बस. येताना पुन्हा तेच. घरी यायला रोज अंधार पडायचा. तुकिमान तेव्हा नुकताच गावप्रमुख झाला होता. त्यानं माकला दुसरी बायको म्हणून मागणी घातली. माक हसली. नकार त्यानं एखाद वेळी पचवलाही असता, पण हसणं पचलं नाही. थोड्या दिवसांनी मशिदीच्या पायरीवर बसून तो इतकंच म्हणाला, “हॉटेलात काय नुसती भांडीच असतात?”

पुढचं काम गावानं केलं, कमसियाच्या लग्नात. तेलोकमध्ये लग्नाचा स्वयंपाक एकट्या घरच्यांनी करायचा नसतो. आदल्या दिवशी शेजारपाजार आपापल्या सुऱ्या घेऊन अंगणात येतो, कांदे चिरतो, नारळ खवतो, नवरीची टर उडवत हंडे चढवतो. याला रेवांग म्हणतात. त्याला न येणं म्हणजे त्या घराला गावातून पुसून टाकणं. माकनं चटया अंथरल्या, बोकड कापून घेतले, तांदूळ भिजवला. दुपार झाली, दिवस कलला, अंगणात कुणी पाय ठेवला नाही. मग मायलेकीच कांदे चिरत बसल्या. नवरीच्या हातावरची ओली मेंदी कांद्यांना लागली. दुसऱ्या दिवशी वऱ्हाड दारात आलं तेव्हा निम्मं मांस कच्चं होतं. “शेजारीही ज्यांच्या दारात येत नाहीत, त्यांची पोर घेऊन चाललेय मी,” असं सासू निघताना म्हणाली, आणि संसार मोडेपर्यंत म्हणत राहिली. संसार मोडायला फार वेळ लागला नाही.

कमसिया सुनावणीच्या आधी घरोघर फिरली. खोटं एक अक्षर बोलली नाही. सुडात खोटं मिसळलं की त्याची चव जाते, असं तिचं मत होतं.

म्हातारा आतान धक्क्यावर जाळं तुणत बसला होता. तिनं त्याला नकाशा दाखवला. “रेल्वे बाहेरून वळली तर हा धक्का जाईल, पाक आतान. होड्या लावायला पार नदीच्या तोंडाशी जावं लागेल.”

“आणि आतून वळली तर?”

“तर धक्का राहील.”

आतानची नजर नकाशावरून घसरत निळ्या खिडक्यांपर्यंत गेली. “पण मग वाक तुकिमानचं...” त्यानं वाक्य अर्धंच सोडलं. “गावाला बरं दिसेल का ते?”

“तुम्ही काही बोलायची गरज नाही,” कमसिया गोड आवाजात म्हणाली. “नुसतं गप्प बसायचं. ते तुम्हाला जमतं की. माझ्या लग्नात किती छान जमलं होतं.”

आताननं जाळ्यात मान घातली ती वर काढली नाही.

दुकानवाली सेरी मात्र फटकळ. तिनं तळलेल्या केळ्यांची बशी कमसियासमोर आपटली. “तू त्याचा काटा काढतेयस, कम. मला कळत नाही असं समजू नकोस.”

“मग उठून बोल की सुनावणीत.”

“आणि होड्या गेल्यावर माझ्या दुकानात येणार कोण? खारफुटीतली माकडं?” सेरी बसली, ओढणीनं वारा घेऊ लागली. “हे बघ, त्यानं वाईटच केलं. आम्हीही केलं. पण म्हातारा झालाय गं तो.”

“माक काय तरुण झालीय?” कमसियानं एक केळं खाल्लं, केळी छान झाली आहेत असं सांगितलं आणि ती पुढच्या घराकडे वळली.

सुनावणी शाळेच्या सभागृहात झाली. झाडून सगळं गाव आलं. क्वेकनं पडद्यावर चित्रं दाखवली: खाडीवरचा पूल, चकचकीत डबे, एकाच इमारतीत दोन्ही देशांचे शिक्के, आणि पाच मिनिटांत पलीकडे. लोकांनी माना डोलावल्या. मग त्यानं आतलं वळण दाखवलं आणि माईक कमसियाकडे दिला.

“या मार्गाला कुणाची हरकत?” तिनं विचारलं.

पहिल्या रांगेतून तुकिमान उठला. इस्त्रीचा सदरा, काळी टोपी, हातात काठी. गुडघे कुरकुरत होते तरी तो ताठ उभा राहिला. “माझ्या घराचा विचार करू नका,” तो म्हणाला. “सगळ्या गावाचं भलं होईल ते करा.”

बोलून तो खाली बसला नाही. चेहरा थोडासा मागे वळवून, अदबीनं, तो थांबला. आता कुणीतरी उठायचं होतं. उजवीकडून नाहीतर डावीकडून, कुणीही. पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येत होती. आतान छताकडे बघत होता. सेरी पिशवीत काहीतरी शोधत होती. सगळं गाव मूग गिळून बसलं होतं. बायकांच्या रांगेत तुकिमानची बायको गिनाह उठू लागली, तेव्हा त्यानंच हातानं तिला खाली बसवलं. घरच्यानं बोलणं म्हणजे स्वतः बोलण्यासारखंच.

“कुणाची हरकत?” कमसियानं पुन्हा विचारलं. तिनं घाई केली नाही. तुकिमानच्या मानेवर घाम फुटला होता. तो ओघळून कॉलरपाशी पोचेपर्यंत ती थांबली. हाच तो थांबण्याचा अर्थ, ती मनात म्हणाली. दाराकडे बघत बसणं म्हणजे काय, ते बघ आता. मग तिनं तिसऱ्यांदा विचारलं. आवाजात इतका गोडवा होता की क्वेकनं कौतुकानं तिच्याकडे पाहिलं.

“छान गाव आहे,” नंतर नकाशा गुंडाळताना क्वेक म्हणाला. “इतकं एकमत मी कुठं पाहिलं नाही.”

“पहिल्यापासूनच आहे,” कमसिया म्हणाली.

दोन्ही देशांच्या सह्या होईपर्यंत तिनं माकला काही सांगितलं नाही. अर्धं शिजलेलं पक्वान्न वाढायचं नसतं. सह्या झाल्या त्या दिवशी ती लवकर घरी आली, माकची चाकांची खुर्ची खिडकीपाशी ओढली, समोर बसली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. माक ऐकत होती. दात नसलेल्या तोंडात सुपारीचा बारीक चुरा फिरत होता.

“पलीकडे पाच मिनिटांत?” तिनं मध्येच विचारलं.

“पाच मिनिटांत.”

“मी रोज दिवे लागायच्या आत घरी आले असते की गं. तुकिमाननं बोलायला विषय कुठून आणला असता?” माक हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. कमसियाला वाटलं, केल्याचं चीज झालं.

“मग? कुणीच नाही उठलं?”

“कुणीच नाही. मी तीनदा विचारलं.”

“आतानही नाही?”

“आतान छत मोजत होता.”

 “मला का नाही नेलंस?” माक म्हणाली.

“बघायला?”

“उठायला.”

कमसियाला वाटलं, म्हातारी चळली. पण माकचे डोळे अगदी थाऱ्यावर होते.

“मी उठले असते,” माक म्हणाली. “सगळ्या गावासमोर म्हटलं असतं, माझी हरकत आहे, वाक तुकिमानचं घर जाऊ देऊ नका. मग तो त्याच घरात राहिला असता, मरेपर्यंत. माझ्या शब्दावर उभ्या असलेल्या घरात. रोज सकाळी खिडकी उघडताना त्याला मी आठवले असते. त्याच्या नातवंडांनी विचारलं असतं, हे घर कसं वाचलं हो? आणि त्याला माझं नाव घ्यावं लागलं असतं.” तिनं सुपारी वाटीत थुंकली. “इतकी वर्षं मी देवाकडे हेच मागत होते, त्यानं एकदा माझ्या दारात अडून पडावं. देवानं दिलं, आणि तू मध्येच...”

“मी तुझ्यासाठी केलं, माक.”

“माझं वाढलेलं ताट तू जेवून उठलीस, आणि वर मलाच सांगतेयस, पोट भरलं का म्हणून.”

कमसियाला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग. ज्या बाईसाठी एवढा डाव मांडला, तीच तिला ओरबाडून काढत होती. “आता काही होत नाही,” ती तुटकपणे म्हणाली. “सह्या झाल्या.”

“घर कधी पाडणार?”

“पाडायचं नाही म्हणाला. लाकडं सोडवून भावाच्या जागेत नेतोय.”

“उचलायला गाव आलं?”

पूर्वी तेलोकमध्ये असं घर हलवायचं तर गावातले सगळे पुरुष खांबांना खांदा लावायचे आणि अख्खं घर जसंच्या तसं उचलून नव्या जागी नेऊन ठेवायचे. तेही मागायचं नसतं. “नाही,” कमसिया म्हणाली. “कुठल्या तोंडानं येतील? एकटाच करतोय.”

“उद्या मला तिकडं ने,” माक म्हणाली.

सकाळी गाडी निळ्या खिडक्यांसमोर थांबली तेव्हा खिडक्या भिंतीत नव्हत्या. त्या उतरवून गवतावर आडव्या ठेवल्या होत्या. तुकिमान शिडीवर चढून फळ्या सोडवत होता आणि गिनाह खाली उभी राहून त्या झेलत होती. वाकलेले खिळे एका पत्र्याच्या डब्यात पडत होते. माकनं खुर्ची अंगणाच्या मधोमध न्यायला लावली.

“गिनाह, अजून एक हातोडी असेल तर दे. आणि तो डबा इकडं.”

तुकिमान शिडीवरून बघत राहिला. “पोनिरा, तुला कुणी बोलावलं इथं?”

“बोलावण्याची वाट बघत बसले असते तर केव्हाच मेले असते. तू फळ्या काढ.”

तो सावकाश खाली उतरला. टोपी काढून त्यानं हातात घेतली. ओठ हलले. त्याला काय म्हणायचं होतं ते अंगणातल्या तिघींनाही कळलं.

“नको,” माक म्हणाली. “तू माफी मागितलीस तर मला द्यावी लागेल. आपल्यात नाही म्हणता येत नाही. आणि मला द्यायची नाहीये. चढ वर.”

 तो टोपी डोक्यावर ठेवून, एकेक पायरी चाचपत, वर चढला. गिनाहनं हातोडी आणि एक दगड आणून माकच्या मांडीवरच्या पाटावर ठेवला. गिनाह रडत होती, पण आवाज न करता. कमसिया पुढे झाली आणि डब्यात हात घालू लागली, तर माकनं डबा आपल्याकडे ओढला.

“तू राहू दे. तुला कचेरी आहे.”

कमसिया गाडीपाशी जाऊन उभी राहिली. ठोक्यांचा आवाज वस्तीभर जात होता. एकेक दार उघडत होतं, सेरी दुकानाच्या पायरीवर आली होती, आतान धक्क्यावर उभा राहून इकडंच बघत होता; पण अंगणात पाय ठेवायची कुणाची हिंमत होत नव्हती. माक कुणाकडे बघत नव्हती. तिनं एक खिळा सरळ केला, बोटानं चाचपून पाहिला, बाजूला ठेवला आणि दुसरा उचलला.