सव्वा महिन्याचा संयम

वीर्यतपासणीच्या फॉर्मवरच्या ‘संयमाचे दिवस’ या रकान्यात सुदर्शनने ‘तीन’ लिहिले होते. तो आकडा खोटा होता, आणि हे त्याच्याखेरीज फक्त त्याच्या पत्नीला, दीपमालेला ठाऊक होते.

प्रयोगशाळेच्या प्रमुख कादंबरीताई तो कागद पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. अहवाल तयार होता. सही तेवढी बाकी होती. स्वतःची खात्री पटल्याखेरीज त्या सही करीत नसत, मग डॉक्टरांचे कितीही फोन येवोत.

“शुक्राणूंची संख्या उत्तम, चालही उत्तम,” त्या म्हणाल्या. “पण शंभरातल्या एक्केचाळीस शुक्राणूंमधला डीएनए तुटलेला आहे. असा शुक्राणू धावतो, बीजापर्यंत पोहोचतो, कधी गर्भही राहतो. तो टिकेलच असं नाही.”

दीपमालेच्या कानात शेवटचे वाक्यच राहिले. चार वर्षांत तीन गर्भ, आणि तिन्ही दहाव्या आठवड्याच्या आत गेलेले. तिच्या सगळ्या तपासण्या दोनदोनदा झाल्या होत्या. सुदर्शनची एकदाच झाली, आणि तीही फक्त मोजणीची. कोट्यवधींचा तो आकडा सासऱ्यांनी, नागोरावांनी, तालमीत सगळ्यांना ऐकवला होता. “पोराचं खणखणीत आहे,” एवढेच ते म्हणाले. पुढचे वाक्य त्यांनी उच्चारले नाही, आणि ते सर्वांना ऐकू गेले.

नागोराव शनिवार पेठेतल्या एका जुन्या तालमीचे वस्ताद. कुस्तीआधी सव्वा महिना वेगळे झोपायचे, हा त्यांचा नियम सुदर्शनने लहानपणापासून पाळलेला. या तपासणीच्या वेळीही ते म्हणाले होते, “हीसुद्धा कुस्तीच समज.” प्रयोगशाळेने दोन-तीन दिवस सांगितले होते, पण सांगितल्यापेक्षा कमी नको, जास्त झाले तर चांगलेच, असे मानून सुदर्शन सव्वा महिना बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपला. नमुना परत करतील या धास्तीने त्याने ‘तीन’ लिहिले. वजनकाट्यावर छटाकभरही लबाडी न केलेल्या माणसाची ही एकुलती एक लबाडी.

“हा आकडा पाहून डॉक्टर वृषणातून थेट, कमी तुटलेले शुक्राणू काढायचं म्हणतील,” कादंबरीताई म्हणाल्या. “ऑपरेशन लहान आहे, पण ऑपरेशनच. म्हणून विचारते. नमुना तीन दिवसांचा वाटत नाही. त्या मानानं तो फारच जास्त भरला.”

“फॉर्मवर लिहिलंय ना.”

“ते मी वाचलं. आता तुम्हाला विचारतेय.”

दीपमालेला सांगता आले असते. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिली. तिला ते त्याच्याच तोंडून हवे होते.

सुदर्शनने कुस्त्यांत चुरगळलेला आपला कान चोळला. “अडतीस,” तो म्हणाला.

“कोणी सांगितलं होतं?”

“वडिलांनी. खोटं मात्र माझं मी लिहिलं.”

कादंबरीताई रागावल्या नाहीत. “आणि एरवी?”

“एरवीही तेच,” दीपमाला म्हणाली. “सव्वा महिना संयम, मग डॉक्टरांनी सांगितलेले दिवस. मूल हवं म्हणूनच तर.”

“अहो, शुक्राणू म्हणजे लोणचं नव्हे, ठेवल्यावर मुरायला. तो फार दिवस पडून राहिला की आतला धागा तुटत जातो. उष्णतेनंही तुटतो, तेव्हा तो घट्ट लंगोट व्यायामापुरताच ठेवा. मागं जे झालं ते यानंच झालं, असं मी म्हणणार नाही. ते आज कोणालाच सांगता येणार नाही. पण नवा शुक्राणू तयार व्हायला अडीचेक महिने लागतात. तीन महिन्यांनी या, आणि दोनच दिवसांच्या संयमानं.” त्यांनी अहवालावर आडवी रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुदर्शन दीपमालेला तालमीच्या उंबऱ्यापर्यंत घेऊन गेला. आत बायका जात नसत. सात-आठ मल्ल जोर मारून घाम पुसत होते आणि नागोराव थंडाईसाठी बदाम घोटत होते. सुदर्शनने लाल माती कपाळाला लावली आणि तो वडिलांसमोर उभा राहिला.

“आबा, आपली तीन मुलं गेली, त्यात माझा वाटा असू शकतो. हिला आजवर जे ऐकावं लागलं, ते माझ्या वाट्याचं असेल. सव्वा महिन्याचा नियम मी आजपासून मोडतोय.”

मल्लांचे टॉवेल जागच्या जागी थांबले.

“कोण म्हणतं असं?”

“प्रयोगशाळेतल्या ताई.”

“त्या कधी मातीत उतरल्यात?”

“नाही. तुम्ही कधी सूक्ष्मदर्शकात पाहिलंत?”

दीपमाला उंबऱ्याबाहेर निश्चल उभी होती. आपल्याहून दीडपट वजनाच्या गड्यांना चीत करताना तिने सुदर्शनला पाहिले होते. भरल्या तालमीत, ज्यांनी त्याला उभे राहायला शिकवले त्यांच्यासमोर, स्वतःहून पाठ टेकणारा सुदर्शन ती आज पाहत होती, आणि तिला तो पूर्वी कधीही दिसला नव्हता इतका मोठा दिसत होता.

नागोरावांनी बदामाचा गोळा दुधात कालवला. ते थंडाई गाळत राहिले, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ. पहिला पेला वस्तादांचा, हा तिथला शिरस्ता. तो भरून ते उठले, गुडघ्यावर हात टेकत उंबऱ्यापाशी आले आणि त्यांनी तो सुनेपुढे धरला.

“घ्या, सूनबाई. बदाम जरा भरड राहिलेत.”

दीपमालेने पेला दोन्ही हातांनी घेतला. बदाम मुळीच भरड राहिले नव्हते.

तीन महिन्यांनी सुदर्शनने पुन्हा फॉर्म भरला. रकान्यात ‘दोन’ लिहून त्याने तो आधी दीपमालेला वाचायला दिला. आठवड्याने दोघे अहवाल घ्यायला गेले, तेव्हा कादंबरीताईंनी तुटलेल्या डीएनएचा आकडा वाचून दाखवला: बावीस.

“अगदी निर्मळ नाही, पण ऑपरेशनची घाई करावी असंही आता नाही. डॉक्टरांना मी तसं कळवते. तुम्ही घरीच प्रयत्न करा.”

“सतरंजी गुंडाळून ठेवली आहे,” दीपमाला म्हणाली.

कादंबरीताई पहिल्यांदाच हसल्या. त्यांनी फॉर्मवरच्या ‘दोन’ या आकड्यावरून नजर फिरवली, सुदर्शनकडे पाहिले आणि काहीही न विचारता सही केली.