दोन मशिनं

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. बायको म्हणते, तुम्ही दुधात माशी शोधता आणि नसली तर बाहेरून आणून टाकता. गॅरेजमध्ये एखादा बोल्ट हरवला तर मी पहिल्यांदा माणसांच्या खिशांकडे बघतो, जमिनीकडे नंतर. बहुतेक वेळा बोल्ट जमिनीवरच असतो. तरी सवय जात नाही.

पण कानसेनच्या बाबतीत संशय घ्यायला मला जागा होती, असं मला तेव्हा अगदी मनापासून वाटत होतं.

कानसेन म्हणजे माझा दोस्त आणि गॅरेजमधला भागीदार. बावीस वर्षांची भागीदारी. मी हात आणि तो कान, अशी आमची वाटणी. मोटरसायकल आत आली की तो लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "व्हॉल्व्ह सैल आहे," किंवा "बेअरिंग गेलंय, फार तर महिना काढेल." मी इंजिन उघडलं की नेमकं तेच निघायचं. गिऱ्हाइकांनीच त्याचं नाव कानसेन पाडलं. माझं नाव पान्या. पाने फिरवणारे माझ्यासारखे पन्नास मिळतील, तसला कान मात्र पंचक्रोशीत दुसरा नाही. तो सोडून गेला तर गॅरेजला सहा महिन्यांत कुलूप लागेल, हे मला पक्कं ठाऊक होतं आणि त्यालाही ठाऊक होतं. माझ्या संशयाचं मूळ एवढंच.

उत्तरेकडच्या रानातून मोटरसायकलवर जायचं आमचं पंधरा वर्षं नुसतं चाललं होतं. दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकलायचो. यंदा तोच हटून बसला. "याच वर्षी जायचं. पुढच्या वर्षीचं माझं काही सांगता येत नाही."

"का? पुढच्या वर्षी काय आहे?" मी विचारलं.

तो हसला आणि ब्रेकच्या तारेला वंगण लावायला लागला. तिथे माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

निघालो. दोघांच्याही गाड्या आम्हीच भंगारातून उभ्या केलेल्या, त्यामुळे त्यांच्यावर भरवसा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी डांबर संपलं आणि खडीचा रस्ता लागला. दोन्हीकडे सूचिपर्णी झाडं, मधे मधे काळ्या पाण्याची तळी, पाय ठेवला तर गुडघ्यापर्यंत जाईल अशी शेवाळाची दलदल. दोनशे किलोमीटरात एक घर नाही. पेट्रोलचे कॅन मागे रबरी पट्ट्यांनी आवळलेले, तोंडावर फडकं, आणि थांबलो रे थांबलो की डासांची फौज अंगावर. मला ते सगळं फार आवडायला हवं होतं. पंधरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर होतं आणि मी मात्र कानसेनच्या पाठीकडे बघत गाडी चालवत होतो.

कारण त्याने मला मागे ठेवलं होतं. "मी पुढे, तू मागे. तू मला आरशात दिसला पाहिजेस," म्हणाला. दर मिनिटाला आरशात बघायचा. माझ्यावर पाळत ठेवायचं याला काय कारण?

आणखीही होतं. माझ्या गाडीची साखळी खडखड करायला लागली तेव्हा मी त्याच्या शेजारी गाडी नेऊन ओरडलो, "ऐकतोयस ना? साखळी वाजतेय का?" त्याने हात हलवला. "काही नाही, चालव." संध्याकाळी मी स्वतः बघितली तर साखळी दोन बोटं लोंबत होती. असली साखळी हा माणूस गॅरेजच्या दारात गाडी शिरायच्या आधी ओळखायचा. म्हणजे ओळखली होती आणि सांगितलं नव्हतं. ज्याला उद्या वेगळं व्हायचं असतं, तो दुसऱ्याच्या साखळीची काळजी कशाला करेल? स्क्रू-ड्रायव्हर तर त्याने पूर्ण प्रवासात पिशवीतून बाहेर काढला नाही.

एका तळ्याशी त्याने दोन्ही इंजिनं बंद करायला लावली. डोळे मिटून उभा राहिला. बराच वेळ.

"काय ऐकू येतंय तुला?" त्याने विचारलं.

"काय येणार? डास."

"डास ऐकू येतात तुला?"

"येतात म्हणजे? कानात शिरतायत लेकाचे."

त्याने खाली वाकून पाण्यात हात धुतले. मला वाटलं, बोलायला घेतलं होतं आणि जीभ रेटली नाही. मीही विचारलं नाही. विचारलं आणि त्याने खरं सांगितलं तर, ही भीती होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक पेट्रोल पंप लागला. एक टाकी, एक पत्र्याची खोली, आत ब्रेड, बॅटऱ्या, दोरखंड असलं सगळं एकाच फळीवर, आणि गल्ल्यामागे स्वेटर विणणारी पंपवाली बाई. फोनची रेंज फक्त तिथेच येते, पुढे दीडशे किलोमीटर विसरा, असं तिने सांगितलं. ते ऐकताच कानसेन फोन घेऊन डिझेलच्या टाकीमागे गेला. एवढ्या लांब कशाला? मी टायरमध्ये हवा बघायचं निमित्त करून टाकीच्या अलीकडे बसलो. कानोसा घ्यायचीही गरज पडली नाही. हल्ली तो फोनवर ओरडूनच बोलतो.

"दोन? एकावर नाही भागणार? बरं, बरं. घेऊ दोन मशिनं. नाही हो, त्याला अजून काही बोललो नाही. परत गेल्यावर सांगेन. बावीस वर्षांचं आहे, धक्का बसेल त्याला. हो, हो. आपण सोमवारी सुरू करू."

मी हवेच्या नळीशी तसाच बसून राहिलो.

दोन मशिनं. एक लेथ असणार आणि दुसरं सिलेंडर बोअरिंगचं. तेच बोअरिंग मशीन घेऊ या म्हणून मी त्याच्यामागे चार वर्षं लागलो होतो आणि जागा नाही म्हणून तो टाळत होता. आता जागा मिळाली होती, दुसरीकडे. आणि मशिनांपेक्षाही मला झोंबला तो त्याचा 'आपण'. बावीस वर्षं त्याच्या तोंडी 'आपण' म्हणजे तो आणि मी. आता तो 'आपण' दुसऱ्याच कुणाला तरी म्हणत होता. मला राग आला आणि रागापेक्षा जास्त, रडू आलं. ते मी धुळीवर ढकललं.

तो आला तेव्हा मी विचारलं, "कुणाचा फोन?"

"घरचा. तुझी वहिनी विचारत होती, दोघं नीट जेवताय ना म्हणून."

बायकोशी कुणी 'बरं, बरं' आणि 'नाही हो' करत बोलतं का? ताकास तूर लागू देत नव्हता. मी म्हटलं, ठीक आहे.

तो पंपवालीकडून ब्रेड घ्यायला आत गेला आणि मी माझा फोन काढला. आमच्या पलीकडच्या चौकात एक वेल्डर आहे. चांगला कारागीर. मला गॅरेजमध्ये घ्या, म्हणून दोन वर्षं मागे लागला होता. मी त्याला सांगितलं, "एक तारखेपासून ये. कानसेनची जागा तुझी."

"आणि ते?" त्याने विचारलं.

"ते चालले."

"मग मी आजच इथे सांगून टाकतो. दादा, नंतर बदलू नका हं. इथलं एकदा सोडलं की हे परत घ्यायचे नाहीत."

"बदलत नाही," मी म्हणालो. पुढचा तासभर मी स्वतःवर खूश होतो. कानसेनने काढता पाय घ्यायच्या आधी मीच त्याची जागा भरून मोकळा झालो होतो.

दुपारी मागून लाकडाच्या ओंडक्यांनी भरलेला ट्रक आला. त्याचा भोंगा असा की दलदलीतली पाखरं उडाली. मी कडेला झालो, तो मला ओलांडून पुढे गेला. कानसेन रस्त्याच्या मधोमध. ट्रकवाला भोंग्यावरचा हात काढेना, कानसेन जागचा हलेना. आमच्या धुळीने त्याच्या आरशात काही दिसत नसणार, पण ऐकू तर येत होतं ना? मी पण हॉर्न दाबून धरला. शेवटी ट्रकवाल्याने ब्रेक मारत ट्रक डावीकडे घातला, मागचा कोपरा कानसेनच्या सामानाला लागला आणि तो गाडीसकट उतारावरून खाली शेवाळात गेला.

मी गाडी टाकली आणि धावलो. तो उठून उभा होता. धड होता, कोपर तेवढं सोललं होतं. त्याची पाठ माझ्याकडे होती. जीव भांड्यात पडला आणि त्यासरशी तीन दिवसांचं सगळं माझ्या तोंडातून बाहेर पडलं. "मरायचं होतं का? मर मग, तुझी दोन मशिनं घेऊन मर. तुला काय तोंड नव्हतं, मला सांगायला काय झालं होतं तुला?"

त्याने वळून बघितलं नाही. गाडी शेवाळात आडवी पडली होती, इंजिन धडधडत होतं, मागचं चाक फिरत होतं. तो तिच्यावर वाकला आणि स्वतःशीच म्हणाला, "बंद पडली." मग त्याने टाकीवर तळहात ठेवला. "नाही. चालू आहे."

वर रस्त्यावर ट्रकवाला उतरला होता. घाबरल्यामुळे चिडला होता. "किती भोंगा वाजवायचा माणसाने? बहिरा आहे का हा?"

कानसेनने त्याच्याकडेही बघितलं नाही. मी तिथेच ओल्या शेवाळात बसलो.

ट्रकवाला गेल्यावर त्याने सगळं सांगितलं. मी उजव्या बाजूला बसलो, त्यानेच बसवलं. डावा कान दोन वर्षांपूर्वी गेला. उजवा आता जेमतेम अर्धा. गॅरेजमध्ये सगळेच ओरडून बोलतात, म्हणून निभावलं. गाड्यांचे दोष तो हात लावून, थरथर बघून, गिऱ्हाइकाच्या बोलण्यावरून ओळखत होता आणि स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावायचं नाटक करत होता. "तिथल्या गोंगाटात काय ऐकू येतं आणि काय नाही तेच मला कळेना. म्हटलं, जिथे काहीच आवाज नाही तिथे जाऊन बघू. ते तळं आठवतं? मला एक डास ऐकू आला नाही."

"आणि मशिनं?"

"कानाची रे. डॉक्टर म्हणतात, दोन्ही कानांना लावू. सोमवारी सुरुवात. तुला काय वाटलं?"

मला काय वाटलं ते मी सांगितलं नाही. आयुष्यभर मशिनांत हात घातलेल्या माणसाला कानाचंही मशीन असतं हे सुचलं नव्हतं. म्हाताऱ्या मावशीच्या कानात मी स्वतः ते बसवून दिलं आहे, तरी सुचलं नव्हतं.

"तुला सांगितलं असतं तर तू ठेवून घेतलंच असतंस," तो म्हणाला. "पण कीव करून. ते मला नको होतं. आता ऐक. मशीन लावलं की माणसांचं बोलणं कळतं, पण इंजिनाचा आवाज म्हणे पत्रा वाजवल्यासारखा येतो. पहिल्यासारखा कान काही परत यायचा नाही. तरी मला ठेवशील?"

"ठेवशील काय विचारतोस? दुकान तुझं नाही का?" मी मोठ्याने, त्याच्या उजव्या कानाशी म्हणालो. त्याने मान हलवली, दोनदा. मग उठून गाडी उभी केली, पुढचं चाक गुडघ्यांत धरलं आणि वाकडं हँडल सरळ करायला लागला. मी समोरून हँडलला हात लावला.

मन फार भरून आलं होतं. आत राहीना. ऐकू जाणार नाही इतक्या हळू, जवळजवळ नुसते ओठ हलवत, मी म्हणालो, "मी वेल्डरला हो म्हणून बसलोय. तुझी जागा दिली त्याला. एक तारखेला येतोय तो."

त्याने हँडल सरळ केलं. नट आवळला. पाना फडक्याला पुसून पिशवीत ठेवला.

"सकाळी, पंपावर?" त्याने विचारलं.

मी हँडलवरचा हात काढला.

"आवाज आला नाही मला," तो म्हणाला. "पण समोर उभा आहेस ना. वर्षभर सगळ्यांची तोंडं बघूनच चाललंय माझं. त्याने आधीचं काम सोडलं असेल तर त्याला आता नाही म्हणू नकोस. पोरंबाळं आहेत त्याला."

"मी फोन लागला की त्याला सांगतो," मी ओरडून म्हणालो. "काहीतरी काढू आपण. तिघं राहू. ऐक तरी."

त्याने हेल्मेट चढवलं होतं आणि मान रस्त्याकडे वळवली होती. माझं बोलणं संपायच्या आधी वळवली की नंतर, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. त्याने टाकीवर तळहात ठेवून इंजिन चालू झाल्याची खात्री केली आणि निघाला. पुढचे शंभर किलोमीटर मी त्याच्या मागे होतो, आणि त्याने एकदाही आरशात बघितलं नाही.