टाचणीकाकूंची वाक्यं

"त्या काकूंची वाक्यं जरा नीट वाचत जा हं," टायपिंगवाल्या मावशी माझ्या टेबलाशी वाकून कुजबुजल्या. "मनानं रचत नाहीत त्या."

"मावशी, तुम्ही पण ना! शब्दकोश आहे हा, रोजनिशी नाही," मी हसून उडवून लावलं. माझं अर्धं लक्ष फोनकडे होतं. दहा महिन्यांची लेक तापातून उठून त्या दिवशी पहिल्यांदाच पाळणाघरात गेली होती.

आमच्या कचेरीत एका शब्दाला एक कार्ड. त्यावर अर्थ, उगम आणि वापर दाखवणारी वाक्यं. कार्डं लिहायच्या टाचणीकाकू, गेली बावीस वर्षं. ओठांत कायम दोन टाचण्या धरलेल्या, म्हणून हे नाव. मी तपासायचे. वाक्यांचे नियम दोनच: छोटं हवं आणि त्यात 'मी', 'माझा' नको.

त्या आठवड्यात 'छळ' आला. अर्थ: मुद्दाम, पुन्हा पुन्हा दिलेला त्रास. उगम: संस्कृत 'छल', म्हणजे कपट. खाली वाक्य होतं: 'रोज माझा चष्मा लपवून त्याने माझा छळ मांडला.' मी दोन्हीकडे 'माझा' गिरवून खोडलं आणि 'तिचा' केलं.

"काकू, उगमात कपट आणि अर्थात त्रास. सांधा कसा जुळतो हो?"

त्यांनी टाचण्या काढल्या. "चारचौघांत गोड बोलायचं आणि दार लागलं की सुरू. जुळतो की, बाई." मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "हात नाही उगारत कधी. वळ उठला असता तर दाखवता तरी आला असता."

"अहो, हेच घ्या ना वाक्य! थोडं लांबतंय फक्त."

त्यांच्या टाचण्या पुन्हा ओठांत गेल्या.

शुक्रवारी 'छाया' या शब्दाचं कार्ड आलं. 'आता त्याने किल्लीही काढून घेतली आहे.' मी लाल शाईने शेरा मारला: 'शब्दाचा वापर नाही. वाक्य बदला.'

सोमवारी त्यांची खुर्ची रिकामी होती. ते कार्ड परत हातात आलं तेव्हा मावशींचं बोलणं आठवलं. जुने खण उपसले. 'कोंडणे', 'घुसमट', 'चिमटा'. सगळीकडे तोच माणूस, आणि सगळीकडे माझी दुरुस्ती.

संध्याकाळी लेकीला कडेवर घेऊन त्यांच्या घरी गेले. नवऱ्याने दार उघडलं. इस्त्रीचा सदरा, तोंडभर हसू.

"अरे वा, छोट्या पाहुण्या! ती झोपलीय हो. डोकं धरलंय."

पण उंबऱ्यातून तो हलला नाही. आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"दोन मिनिटं भेटून जाते."

"आजारी माणसाला उठवू म्हणता?" इतकं मऊ बोलला, की मलाच ओशाळं झालं. लेक रडायला लागली. मी चक्क त्याची माफी मागितली आणि जिना उतरले.

बुधवारी राजीनामा आला. मजकूर दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात, खाली काकूंची थरथरती सही. मी पोलिसांकडे गेले.

"मारहाणीची खूण आहे का काही?"

मी कार्डं पुढे केली. वर फक्त 'तिचा', 'तिला'. काकूंचे शब्द माझ्या लाल शाईखाली गेलेले.

मावशींना घेऊन पुन्हा घर गाठलं, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "काल दुसरीकडे राहायला गेले. कुठे ते नाही बोलले. भला माणूस हो, एकेकाचा निरोप घेऊन गेला."

"आणि काकू?"

"त्या गाडीतच बसून होत्या."

तुमच्या इमारतीत असं कुणी नव्याने आलं असेल, नवरा हसतमुख आणि बायको सहसा दिसत नसेल, तर एकदा बेल वाजवा. 'झोपलीय' म्हणाला, तर 'थांबते' म्हणा. कडेवरचं मूल रडलं तर रडू द्या. तिला दारापर्यंत येऊ द्या, कशी आहेस ते तिलाच विचारा. 'बरी आहे' म्हणाली, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.