मुंगीनी नथ

"तोंड मिटी ले बाई, पन डोया मिटू नको. पायखाले बी देव ऱ्हास."

सासूचं हे सांगणं टेकडी चढताना रुख्माबाईला रोज आठवायचं. सासू, वच्छलाबाई, नेमाची पक्की. श्रावणभर, उठल्यापासून टेकडीवरच्या महादेवाला पाणी घालेपर्यंत अवाक्षर बोलायचं नाही, असा बारा श्रावणांचा नेम तिनं धरला होता. आठ झाले आणि ती गेली. उरलेले चार सुनेनं पदरात घेतले. एक शब्द जरी निसटला तरी बारा वर्षं पुन्हा पहिल्यापासून, हे सासू जाता जाता बजावून गेली होती. आता चौथ्या श्रावणाच्या दोनच सकाळी उरल्या होत्या, आजची आणि उद्याची पोळ्याची.

झऱ्यावर तांब्या भरून ती निघाली. अर्ध्या वाटेवर, काळ्या कातळावर एक माणूस पालथा पडलेला. ती लगबगीनं जवळ गेली. मग त्याचे पाय हलले. डोळ्याला लावलेला कॅमेरा दिसला.

"राम राम, अक्का!" तो पडल्या पडल्याच म्हणाला. "मी धर्मेंद्र. जामनेरला मेडिकल आहे माझं. सुट्टीला रानातल्या बारक्या फुलांचे फोटो काढत हिंडतो. इथं एक जांभळं फूल असतं म्हणे. दोन वर्षं शोधतोय. पाहिलंत कुठं?"

पाहिलं म्हणजे काय! बाजरीच्या दाण्याएवढं, या एका कातळावर येणारं. यंदा तर एकुलतं एक उमललं होतं आणि धर्मेंद्रच्या गुडघ्यापासून चार बोटांवर डुलत होतं. रुख्माबाईनं घाईनं त्याच्या गुडघ्याकडे बोट केलं.

"गुडघा दुखतो का? मलम आहे माझ्याकडे, वातावर एकदम भारी."

तिनं कपाळावर हात मारला.

"डोकंही? पित्त असणार. श्रावणातले उपास ना!"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "हां पुनम. नाही गं सापडलं. एक अक्का भेटली, पण मुकी आहे बिचारी. कानानंही गेलेली दिसते." बायकोशी बोलता बोलता तो कुशीवर वळला. गुडघा उचलला गेला आणि नेमका फुलावर टेकायला आला.

'थांबा!' अगदी ओठांपर्यंत आलं. रुख्माबाईनं पदर दातात धरला, दोन पावलं पुढं टाकली आणि महादेवाचा भरला तांब्या त्याच्या पाठीवर उपडा केला.

"आई गं!" धर्मेंद्र ताडकन उभा. "अहो अक्का, हे काय?"

अक्का उकिडव्या बसून एका जागी बोट दाखवत होत्या. तो रागारागानं वाकला, आणि तिच्या बोटाशी त्याला ते जांभळं फूल दिसलं. परत पालथा झाला, पण आता अगदी जपून.

वारा होता. फूल काही केल्या स्थिर राहीना. रुख्माबाईनं पदराचा आडोसा धरला, हात भरून आले तरी हलवला नाही. शेवटी त्यानं कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा फोटो तिच्यापुढं धरला. तळहाताएवढं फूल! पाकळीच्या कडेला तान्ह्या बाळासारखी लव, आत पिवळे दोन ठिपके, आणि देठावर थेंब, त्या थेंबात उलटी टेकडी. इतकी वर्षं वाकून पाहत आली, पण हे तिला कधी दिसलं नव्हतं. 'अगं बाई' आतून उसळून आलं. पदराचा बोळा करून तिनं तो तोंडातच कोंबला.

"नाव काय याचं?"

तिनं दोन बोटं मनगटावरून मुंगीसारखी चालवली, मग नाकाला हात लावला.

"खाज येते? आणि सर्दी?"

रुख्माबाईला हसू आवरेना. त्याला थांबायची खूण करून ती खाली उतरली, झऱ्यावर तांब्या पुन्हा भरला आणि चढून आली. तोही मागोमाग देवळापर्यंत आला. पिंडीवर पाणी पडलं, तिनं नमस्कार केला आणि वळली.

"मुंगीनी नथ शे ती, भाऊ. मन्ही सासू म्हने तिले."

धर्मेंद्र दोन पायऱ्या मागं सरला. "तुम्ही बोलता?"

"बोलस ना. आन ऐकस बी. 'कानानंही गेलेली'! बठ्ठं ऐकं मी!"

त्यानं कान धरले. मग नेमाची सगळी गोष्ट ऐकली. "म्हणजे माझ्यापायी देवाचं पाणी वाया गेलं."

"वाया कसाले? तुम्हनी पाठवरथीन जाईसन देवलेच पोचनं." ती हसली. मग हळूच म्हणाली, "झराना वर आखो एक फूल शे. धवळं. यान्हाथीन बारीक. सकाय देखाडसू. दिन उगाना आधी या."

"पण उद्या सकाळी तुम्ही बोलणार नाही ना?"

"बोलसू नही. देखाडसू. शब्द दिन्हा."

पोळ्याच्या दिवशी उजाडायच्या आत झऱ्यावर बैल धुवायला आणले होते. "काय अक्का, आज शेवटचा ना?" कुणीतरी हाक दिली. रुख्माबाईनं नुसती मान हलवली. महादेवाचा तांब्या भरला. चालू लागली, थबकली, आणि पिशवीतून दुसरा तांब्या काढून तोही काठोकाठ भरला. धर्मेंद्रचे गुडघे कुठं जातील याचा काय भरवसा! मग दोन्ही हातांत दोन तांबे सांभाळत ती मुकाट्यानं वरची वाट चढू लागली.