कालिपाआक्काची म्होरकी

तांबडी घोडी आमच्या अंगणात आली आणि माझं नवऱ्याशी जुंपलं. मी लोकर पिंजत होते, ती तशीच टाकून उठले.

"ही कालिपाआक्काची न्हवं?"

"हाय की. बाजारात घिऊन उभी व्हती. मी न्हाई घेतली तर दुसऱ्यानं नेली असती."

"आन तिला विकाय लावली कुनी? तुमीच न्हवं?"

माझा नवरा तोलोगोन घोडीची आयाळ चाचपू लागला. एरवी हा माणूस गप्प बसणाऱ्यातला नाही. उन्हाळा सरल्यापासून दुकानासमोरच्या बाकावर त्याचं एकच पालुपद. सोमची, म्हणजे आमच्या नोटांची, किंमत जाणार, मॉस्कोतली कामं बंद पडणार, पोरं रिकाम्या हातानं परतणार, गवत तर सोन्याच्या भावानं घ्यावं लागणार. कानाला रेडिओ लावून बसतो म्हणून आमच्या कारा-बुलाक गावच्या लोकांना वाटतं, याला राजधानीतलं सगळं कळतं. त्याचं ऐकून कितीतरी जणांनी मेंढ्या विकायला काढल्या. शेजारची कालिपाआक्का तर विधवा, एकटी. पोरगा मॉस्कोत विटा उचलतो, त्याचे पैसे येईनासे झालेले. तिनं घाबरून एकुलती एक घोडी बाजारात नेली. उन्हाळाभर तिच्या दुधाची आंबवलेली कुमिस रस्त्याकडेला विकायची, त्यावर आक्काचं वर्ष निघायचं.

"नोटांचा उद्या कागद व्हनार," तोलोगोन हळूच म्हणाला. "म्हनून म्हनलं, पैसा जनावरात घालावा."

"आन त्याच नोटा तिच्या हातात दिल्या?"

त्याचा चेहरा उतरला. खरं सांगते, तोवर ही गोष्ट त्याच्या डोक्यातच आली नव्हती. लबाड नाही हो माझा नवरा, नुसता भित्रा आहे. पण भित्रा माणूसही शेजारणीचं वाटोळं करू शकतो.

घोडी भिंतीला लागून उभी राहायची आणि पलीकडे आक्काच्या घराकडे तोंड करून खिंकाळायची. तोलोगोननं चढवलेली म्होरकी नवी, कडक. मान झटकून झटकून कानामागं तिची कातडी सोलली. आमच्यात जनावर विकलं तरी त्याची म्होरकी देत नाहीत, तिच्याबरोबर घरची बरकत जाते म्हणतात. तांबडीची जुनी म्होरकी आक्काच्या दाराजवळ खुंटीला होती. येता-जाता ती आक्काला दिसत असणार, हे माझ्या मनातून जाईना. तोलोगोनच्या पुढ्यातला चहा तर रोजच निवून जायचा.

पहिला बर्फ पडला त्या सकाळी तो उठला. नवी म्होरकी काढून टाकली, घोडीच्या गळ्यात साधा दोर घातला आणि आक्काच्या दारात जाऊन उभा राहिला. मीही मागोमाग गेले, मध्येच कच खाल्ली तर ढकलायला कुणीतरी हवं.

"आक्का, घोडी घ्या तुमची."

"पैशाचं पीठ आन कोळसा झाला रं भावा. आता कुठनं दिऊ?"

"उन्हाळ्यात कुमिस द्या. माज्या गंजीतलं निम्मं गवतबी तुमचंच."

आक्का जागची हलली नाही. "आदी सांग. गवत म्हाग व्हनार का? पोरगा माजा रिकामा येनार का?"

तोलोगोननं दोर दुसऱ्या हातात घेतला. त्याच्या मिशीवर बर्फ साचत होता.

"मला ठावं न्हाई, आक्का," तो म्हणाला. "तवाबी न्हवतं."

"मग त्ये बाकावर बसून का न्हाई सांगितलंस?"

त्याला मान वर करवेना. मला भयंकर लाज वाटली, आणि त्याची कीवही आली. आक्कानं खुंटीवरची म्होरकी काढली. घोडीनं आपण होऊन मान खाली केली.

परतताना दुकानासमोरून हाक आली, "तोलोगोन, औंदा सोमचं काय म्हनतोस?"

"काय न्हाई म्हनत," एवढं बोलून तो खाली बघत घरी आला.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, तोलोगोनसुद्धा बोलेनासा झाला, म्हणजे फारच वाईट दिवस येणार. दुसऱ्या दिवशी आणखी दोघांनी मेंढ्या बाजाराकडे हाकल्या.